एकशेचाळीस ठोकळे

मेंदूच्या एमआरआयवर हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी निगडित भाग, किती मोठा आहे हे मोजण्यासाठी तो हाताने आखायचं काम मी वर्षभर केलं. एका स्लाइसवर, म्हणजे स्कॅनच्या एका पातळ कापावर, रेघ ओढायची, पुढची स्लाइस, पुन्हा रेघ. डाव्या-उजव्यापैकी एका बाजूला मला दोन तास लागायचे. स्कॅन स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचा की निरोगी माणसाचा, हे आम्हाला कळू देत नसत. बरोबरच होतं. कळलं असतं तर हात नकळत आखडता झाला असता.

खरी भानगड पुढच्या टोकाला. तिथे हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला, म्हणजे भावनांशी निगडित शेजारचा भाग, एकमेकांना खेटून असतात, दोन्ही सारखेच राखाडी. समोरून हद्द दिसतच नाही. बाजूने पाहिलं तर मधे अल्व्हियसची, म्हणजे हिप्पोकॅम्पसवरच्या तंतूंच्या पातळ थराची, पांढरी चीर दिसते, तीही नशीब असेल तर. महिन्याभराने तोच स्कॅन पुन्हा आखला की माझी रेघ माझ्याच जुन्या रेघेशी भांडायची.

आता हिशेब बघा. हिप्पोकॅम्पस साडेतीन घन सेंटिमीटरचा धरला, तर एक मिलिमीटरचे साडेतीन हजार ठोकळे, म्हणजे व्हॉक्सेल. त्यातले तिसऱ्या हिश्शाहून जास्त कडेलाच. आणि १९९८ साली जुने अभ्यास एकत्र करून काढलेला रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमधली सरासरी घट होती ४ टक्के. म्हणजे एकशेचाळीस ठोकळे! माझी रेघ कडेने जराशी आत सरकली की तेवढे सहज गायब.

फ्रीसर्फर हा प्रोग्राम प्रत्येक ठोकळ्याचा उजळपणा, त्याची जागा आणि शेजारी कोण, हे बघून लेबल लावतो. चुकतो तोही, पण कंटाळून चुकत नाही. २०१६ मध्ये एनिग्मा या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२८ रुग्ण आणि २५४० निरोगी माणसं यांची तुलना केली, त्यात हिप्पोकॅम्पसमधली घट सर्वांत ठळक निघाली. माझ्या वेगाने, दोन्ही बाजू धरून, रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, सहा वर्षांहून जास्त लागली असती.

पण एका गोष्टीने मी अजून धास्तावते. स्कॅनरमध्ये डोकं हललं की चित्र पुसट होतं आणि राखाडी भाग असतो त्यापेक्षा कमी मोजला जातो. अस्वस्थ रुग्णाचं डोकं जास्त हलणारच. प्रोग्राम बिचारा मुकाट्याने लहान आकडा लिहून मोकळा होतो, आणि रुग्णांमध्ये घट शोधणाऱ्या आपल्याला तो आकडा हवा तसाच असतो.

हल्ली मी रेघा ओढत नाही, प्रोग्रामने ओढलेल्या तपासते. आकड्यांची फाइल शेवटी उघडते. आधी बाजूचं दृश्य, आणि त्यात ती पांढरी चीर.