सेलम एंड रोडवरचं शेतकरी कुटुंब

ॲशलंडच्या लक्ष्मी मंदिरात जायचं असलं की आम्ही हमरस्ता सोडून सेलम एंड रोड धरतो. वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडे ओक आणि मेपल, मधेच कोकणातल्यासारखे दगडावर दगड रचलेले गडगे. आम्ही राहतो ते फ्रेमिंगहॅम बॉस्टनच्या पश्चिमेला. सेलम समुद्रकाठी, गाडीने तासाभरावर. मग त्या गावाचं नाव आमच्या रस्त्याला कसं लागलं? कित्येक वर्षं मी त्या पाटीखालून गेले आणि विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात विचारलं, आणि त्यातून फ्रान्सिस नर्स नावाच्या एका शेतकऱ्याच्या घरात जाऊन पोहोचले. 1692 मध्ये सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले, त्यात याच्या बायकोला फाशी झाली.

फ्रान्सिस मुळात लाकडी परातींचा कारागीर. हयातभर दुसऱ्याच्या जमिनी कसल्या, आणि 1678 साली, साठीच्या आसपास, सेलम व्हिलेजमधली 300 एकरांची शेती घेतली. सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅनव्हर्स. किंमत 400 पौंड, फेडायची मुदत 21 वर्षं. जमीन होती बॉस्टनच्या एका पाद्र्याची. आठ मुलं, सुना, जावई असं सगळं खटलं त्या जमिनीवर राबलं. आपल्याकडे कूळ म्हणून कसणाऱ्याच्या नावावर सातबारा चढला की घरात काय वाटतं, ते माझ्या आजोळी मी ऐकलेलं आहे. त्यामुळे हा व्यवहार वाचताना मला अनोळखी वाटला नाही.

कागद वाचायला शिकावं मात्र लागलं. आडनावाचं एक स्पेलिंग नाही, कारकुनाच्या कानाला लागेल तसं लिहिलेलं. आमच्या फ्रेमिंगहॅमच्या दप्तरात तर ते ‘नोर्स’ होऊन बसलंय. शोधताना एकच रूप घेतलंत तर अर्धं घराणं हातून निसटतं. दुसरी अडचण तारखांची. 1752 पर्यंत इंग्रजांच्या वसाहतींत नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. म्हणून फ्रान्सिसच्या बायकोच्या, रिबेकाच्या अटकेच्या हुकमावर 23 मार्च 1691/92 अशी जोडतारीख आहे. तो कागद मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती खाडाखोड वाटली होती. हे खटल्याचे कागद व्हर्जिनिया विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवलेत, कुणालाही वाचता येतात.

रिबेका तेव्हा 71 वर्षांची. कानाने अधू, नुकतीच आजारातून उठलेली. गावातल्या काही मुलींना आणि बायकांना झटके येत होते, आणि ‘गुडवाईफ (म्हणजे श्रीमती) नर्सचं भूत आम्हाला छळतं’ असा त्यांचा आरोप, म्हणजे ती जिवंत असतानाच तिची आकृती येऊन छळते असा. तिच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर 39 शेजाऱ्यांनी सह्या केल्या. त्या दिवसांत अशी सही करणं म्हणजे पुढचा संशय स्वतःवर ओढवून घेणं होतं, म्हणून ती यादी मी फार वेळ पाहत राहिले. ज्यूरीने आधी तिला निर्दोष ठरवलं. मुख्य न्यायाधीशांनी तिच्या एका वाक्याकडे बोट दाखवून पुन्हा विचार करायला लावलं. ज्यूरीने तिला त्याचा अर्थ विचारला, पण तिला ऐकूच आलं नाही आणि ती गप्प राहिली. 19 जुलै 1692 रोजी तिला फाशी दिली. मुलांनी रात्री तिचा देह आणून शेतावरच पुरला, असं घराण्यात सांगत आले आहेत.

सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या बातम्या मी लहानपणापासून वाचत आले. त्यात त्या बाईच्या नवऱ्याचं, मुलांचं पुढे काय झालं हे क्वचित असतं. इथे तेच मला शोधायचं होतं.

फ्रान्सिस त्याच जमिनीवर राहिला. आरोप करणारं पुटनम घराणं तिथलंच, चर्च एकच. पण मुलगा सॅम्युएल आणि जावयांनी त्या चर्चच्या पाद्र्याविरुद्ध नेटाने लढा दिला, शेवटी त्याला गाव सोडावं लागलं. म्हाताऱ्याने जमीन मुलांना वाटून दिली आणि लेक-जावयांनी त्याला पोसण्याचं लिहून दिलं. तो 1695 मध्ये गेला.

सगळ्यांना तिथे राहणं जमलं नाही. रिबेकाची एक बहीण मेरी ईस्टी सप्टेंबरमध्ये फासावर गेली. दुसरी, सेरा क्लॉइस. रिबेका कैदेत असताना पाद्र्याने प्रवचनाला ‘तुमच्यातला एक सैतान आहे’ हे वचन घेतलं, तशी सेरा उठून चर्चबाहेर चालती झाली आणि तिच्यामागे दार धाडकन आपटलं. आठवड्याभरात तिच्यावरही आरोप आला. ती वाचली, जानेवारी 1693 मध्ये सुटली. मग ती आणि तिचा नवरा पीटर, आणि फ्रान्सिसचा मुलगा बेंजामिन, पश्चिमेकडे जंगलात निघून आले. ते जिथे वसले तो सेलम एंड, आमचा रस्ता.

ती जमीन थॉमस डॅनफर्थची होती. एप्रिल 1692 मध्ये सेराची चौकशी झाली तेव्हा अध्यक्षस्थानी उपगव्हर्नर म्हणून हाच डॅनफर्थ बसला होता. नंतर त्या खटल्यांवर त्याने नापसंती दाखवली. सेराने त्याच्या जमिनीवर पाऊल ठेवलं तेव्हा तिच्या मनात काय असेल, ते कुठल्याच कागदात नाही. मला तरी त्या जमीन देण्यात पश्चात्ताप दिसतो. हा माझा समज आहे, पण तो सोडायची माझी तयारी नाही.

एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर, आम्ही डॅनव्हर्सला गेलो. तांबूस करड्या फळ्यांचं घर, उतरतं छप्पर, पुढे मोकळं रान. शेताच्या कडेला घराण्याची दफनभूमी, तिथे 1885 मध्ये वंशजांनी रिबेकाचं स्मारक उभारलं. शेजारीच 1892 चा दगड आहे, त्या अर्जावर सह्या करणाऱ्यांच्या नावांचा. ती नावं मी घरी कागदावर इतक्यांदा वाचली होती की नातेवाईकांच्या गावी आल्यासारखं झालं.

1706 मध्ये ॲन पुटनमने चर्चमध्ये माफी मागितली. आरोप केले तेव्हा ती बारा वर्षांची होती. गुडवाईफ नर्स आणि तिच्या दोन बहिणींचा उल्लेख तिने त्या माफीत वेगळा केला. 1711 मध्ये सरकारने पीडित कुटुंबांना भरपाई दिली, त्यात नर्स घराण्याच्या वाट्याला 25 पौंड आले. 1712 मध्ये सेलमच्या चर्चने रिबेकावर घातलेला बहिष्कार मागे घेतला. तिच्या मृत्यूला तेव्हा वीस वर्षं होत आली होती, आणि फ्रान्सिस हे पाहायला नव्हता.

परतताना मुलीने विचारलं, “आई, बेंजामिनने पुन्हा ते शेत पाहिलं असेल का गं?” पुढच्या आठवड्यात मी फ्रेमिंगहॅमची जुनी जन्म-मृत्यू दप्तरं काढणार आहे. ‘नोर्स’पासून सुरुवात करेन.