सात नंबर, बारा नंबर

आंबोलीत धो धो पाऊस आणि इकडं सोलापुरात ढग नुसतं तोंड दाखवून जातायत, अशा जुलैत फिल्डवरनं नळ्यांचा डबा आला. यष्टीत कुणीतरी आडवा ठेवला असणार. दोन नळ्यांची झाकणं सैल, अल्कोहोल गळालेलं, वरचे आकडे साफ पुसलेले. पर्मनंट मार्कर नावालाच पर्मनंट असतो ओ, अल्कोहोल लागलं की गेला. म्हणून पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी नळीच्या आत टाकायची, हे मी दरवर्षी सांगायचं आणि पोरांनी दरवर्षी मान डोलवायची.

आत काय, तर डोंगरातल्या पिटुकल्या भेकाच्या बोटाचं टोक, तांदळाच्या कणीएवढं. कोयनेचा भेक १९६३ सालापासून माहीत होता, आंबोलीचा पट्टेवाला २००९ मधे सापडला आणि तेव्हा दोघांचा मिळून वेगळा वंशच केला. जांभ्याच्या कातळावर चार बोटं पाणी साचलं की त्यात अंडी घालतात. आई म्हणते, बेडकाचं बोट बघून तुला कोण शेंगाचटणीला पैसे देतंय!

पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणाऱ्या मशीनला, जात ओळखायच्या १६एस जनुकाचा साडेपाचशेएक अक्षरांचा तुकडा लावला. ३५ सायकलींपैकी २४ झाल्या आणि लाइट गेली. यूपीएसच्या बॅटरीचा कागद दोन वर्षं टेबलाटेबलावर फिरतोय. परत लावलं. प्रती झाल्या का ते जेलमधे पट्टी उमटते त्यावरनं कळतं. सगळे आधी पट्टी बघतात, मी आधी बिनडीएनएची रांग बघतो. कोरी होती, म्हणजे बाहेरचं काही मिसळलं नव्हतं. सीक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, तेही एकदम स्वच्छ आले, आलेखात शिखरावर शिखर कुठंच नाही. एक नळी कोयनेवाल्यांत बसली, दुसरी आंबोलीवाल्यांत.

यादीत गहाळ नंबर दोनच, सात कोयनेचा, बारा आंबोलीचा. सर म्हणाले, "झालं की मग, टाक लिहून."

पण आपण शोधतोय काय? या दोन जाती खरंच आपापल्या डोंगरात आहेत का, कुठं सरमिसळ झालीय का, हेच ना. मग डीएनएवरनं गाव ठरवायचं आणि त्याच गावावरनं म्हणायचं, बघा, डीएनए गावाप्रमाणं निघाला! फोटो आहेत, बाराच्या कुशीवर पट्टे दिसतायत, पण कुठलं बोट कुठल्या फोटोतल्याचं ते नळीवरच लिहिलेलं होतं. समजा साताच्या डीएनएत आंबोलीचं काही असतं, तर तीच एक नळी कामाची होती आणि मी ती गुपचूप बाराच्या खात्यात टाकली असती.

सर चिडलेत, म्हणतात दोन नळ्यांनी जातींच्या नात्याचं झाड पडत नाही. खरंय, पडत नाही. तरी मी दोन्ही गाळल्यात. उणे वीसच्या फ्रीझरमधे वेगळ्या डबीत आहेत, आत चिठ्ठी, पेन्सिलीनं: ७ किंवा १२.