दुसऱ्या कडव्यात शब्द का नाहीत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण आता गुडलकला बन मस्का खायला बसलं तरी कोणीतरी येऊन हेच विचारतं. बँड मोडल्यावर उरलेली रेकॉर्डिंग गोळा करून अल्बम काढलात, ठीक, पण शेवटच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला नुसतं ला-ला-ला का? लोकांनी थिअऱ्यापण काढल्यात, शहर माणसाला मुकं करतं वगैरे. वर कोणी म्हणतं, गायकाला न विचारता पैशासाठी काढलात. अहो, शब्द लिहून झाले नव्हते. एवढंच.

ते गाइड होतं, म्हणजे बाकीच्यांना वाजवताना अंदाज यावा म्हणून गायलेलं कच्चं गाणं. कोथरूडच्या बेसमेंटमध्ये आम्ही सगळे एकाच खोलीत वाजवत होतो, भिंतीला अंड्यांचे ट्रे (त्यांनी आवाज अडत नाही, घुमणं जरा कमी होतं इतकंच), त्यामुळे आमचा गायक गायला ते माझ्या ड्रमवरच्या माइकमध्येपण शिरलंय. त्याचा ट्रॅक म्यूट केला तरी सिम्बलच्या मागून तो ऐकू येतोच. दुसरा गायक घ्या म्हणणाऱ्यांनी हे आधी ऐकावं, एक जण खोलीत गातोय आणि दुसरा जिन्यात असं वाटतं. ड्रम परत वाजव म्हणाल तर नाही वाजवणार, तो टेक चांगला आहे.

आणि त्याला विचारलं नाही असं कोण म्हणतं? मी स्वतः गेलो होतो, लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन, सदाशिव पेठेत. काकूंनी दार उघडलं, "अरे किती दिवसांनी!" आणि लगेच पोहे टाकायला आत गेल्या, आम्ही बोलत नाही हे त्यांना बहुतेक माहीतच नव्हतं. त्यानं अख्खं गाणं ऐकलं. टेबलाखाली त्याचा पाय माझ्या किकवर, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या ठेक्यावर चालला होता, ते मला दिसत होतं. हेडफोन काढून म्हणाला, "किक छान लागलीये." मी म्हटलं, दुसरं कडवं गाशील का. त्यानं फोन काढला आणि समोर धरला. पूर्ण कडवं लिहिलेलं, वरची तारीख बँड मोडल्यानंतरची. सरळ सांगतो, आमच्या सगळ्या गाण्यांत इतकं चांगलं त्यानं काहीच लिहिलेलं नाही.

"मग गा ना."

"बँडसाठी लिहिलं होतं."

"मग?"

"बँड कुठाय?"

फोन खिशात. तेवढ्यात पोहे आले, आम्ही लिंबू पिळून खाल्ले, त्यानं माझ्या बाइकची चौकशी केली. निघताना दारात म्हणाला, "अल्बम काढा, मी आडवा येणार नाही, पण माझं जे आहे ते तसंच ठेव." तसंच ठेवलंय. आता यात पैशासाठी काय केलं ते तुम्हीच सांगा, मास्टरिंगचा खर्चसुद्धा निघालेला नाही.

आता खरी अडचण अशी की असल्या अल्बमना सगळ्यात जास्त शिव्या मीच घालायचो. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा 'कोडा' अल्बम घ्या. १९८० मध्ये त्यांचा ड्रमर बॉनहॅम गेला, बँड संपला, आणि १९८२ मध्ये यांनी कपाट झाडून अल्बम काढला, त्यात एका लाइव्ह गाण्यातून प्रेक्षकांचा आवाजच पुसून टाकला. हे मला आजही पटत नाही. पण त्याच अल्बमवर बॉनहॅमचा १९७६ चा नुसत्या ड्रमचा ट्रॅक आहे, आणि तो कपाटातच राहायला हवा होता असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? कॉलेजमधला मी म्हणाला असता. त्याला काय जातंय, त्याचा बँड चालू होता.

निदान आम्ही वर काही चढवलं नाही. बीटल्सचा 'लेट इट बी' मे १९७० मध्ये आला तेव्हा मॅकार्टनी बाहेर पडल्याचं जगजाहीर झालं होतं, आणि त्याच्या गाण्यावर निर्माता फिल स्पेक्टरनं त्याला न विचारता अख्खा ऑर्केस्ट्रा आणि कोरस चढवला होता. त्याशिवायचं रूप अधिकृत अल्बमवर थेट १९९६ मध्ये आलं. आमच्या गिटारिस्टलापण तिथे व्हायोलिन हवं होतं, ला-ला झाकायला. मी नाही म्हटलं. तो अजून म्हणतो की गाणं अर्धवट वाटतं. वाटतंच.

ते कडवं मला बऱ्यापैकी पाठ आहे आणि नाही, सांगणार नाही. हवं असेल तर त्याला विचारा, तुमच्यातल्या निम्म्यांकडे त्याचा नंबर आहे. मी काही परत विचारणार नाही.