एका वाटीचं वजन: तरंगण्याच्या प्रयोगाची पावसाळी नोंदवही

मंडळी, या पावसाळ्यात एकच विषय धरून बसलोय: वस्तू तरंगते कशी आणि बुडते कशी. पेण तालुक्यातली जिल्हा परिषदेची एक शाळा दर शनिवारी सकाळी दीड तास देते. सातवीची अठ्ठावीस मुलं आणि भंगारातलं सामान. प्रयोग कुठे फसला तेही लिहितोय, म्हणजे तुमचा शनिवार वाया जायला नको.

पहिला शनिवार

सुरुवात आपल्या नेहमीच्या अंड्यापासून. साध्या पाण्यात बुडतं, मीठ घातलं की वर येतं. आर्किमिडीजच्या आंघोळीची गोष्ट मुद्दाम सांगितली नाही, कारण ती सांगितली की पोरं हसतात आणि प्रश्न तिथेच संपतो.

सहा अंडी नेली होती. पाच निमूट तळाला आडवी झाली. सहावं मात्र टोकावर उभं राहिलं, जाड बाजू वर करून. "काका, हे नाचतंय!" मनात दुकानदाराला चार शब्द हासडले, कारण अंडं जुनं होतं. पण पोरांनी त्यालाच धरलं. कवचाच्या बारीक छिद्रांतून आतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि जाड टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते. आकार तोच, वजन कमी.

मग दोन्ही अंडी मोजायला घेतली. वजनाला स्वयंपाकघरातला काटा. आकारमानाला कडेला भोक पाडून सलाईनची नळी बसवलेला डबा. अंडं सोडलं की सांडलेलं पाणी बिनसुईच्या सिरिंजमध्ये मोजायचं. ताजं अंडं ५४ ग्रॅम, पाणी ५० मिली. जुनं ५१ ग्रॅम, पाणी तेवढंच. नळीच्या तोंडाशी एखादा थेंब अडकतो, तेव्हा एक मिली इकडेतिकडे धरा. तरी ग्रॅमला मिलीने भागलं की येणारा १.०८ आणि १.०२ हा फरक लपत नाही.

आता ताजं अंडं वर यायला पाणी १.०८ च्या पुढे न्यायला हवं. अर्धा लिटर पाण्याला साठ-पासष्ट ग्रॅम मीठ लागतं. पोरांचा अंदाज होता तीन चमचे. अकराव्या चमच्याला अंडं हललं तेव्हा फळ्याजवळ उभ्या बाईसुद्धा वाकून बघत होत्या. एक सूचना: खडे मीठ नेऊ नका. मी नेलं, पाणी गढूळ झालं आणि मागच्या बाकांना काहीच दिसलं नाही.

शेवटी विचारलं, अंडं का तरंगलं? उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवलीत. "मीठ खाली बसतं आणि ढकलतं." "पाणी जास्त असतं तर बिनमिठाचंपण तरंगलं असतं." आणि सर्वांत जास्त हात वर आलेलं: "पाणी दाट झालं." दुसऱ्या उत्तराचा निकाल बादलीने लावला. अंडं बादलीच्याही तळाशीच गेलं. तिसऱ्याने माझी झोप उडवली.

दुसरा शनिवार

"दाट" हाच खरा घोटाळा आहे. आपल्या बोलीत दाट म्हणजे चमच्यावरून सावकाश ओघळणारं: आमटी दाट, पाक दाट, तेल दाट. पुस्तकात "घनता" येते आणि पोरं तिचा अर्थ घट्टपणा असा लावून मोकळी होतात. म्हणून शेंगदाण्याचं तेल नेलं. तेल पाण्यापेक्षा दाट की पातळ? एकमुखाने दाट. मग पाण्यात कुठे जाईल? एकमुखाने खाली. तेल वर आलं आणि वर्गात अशी शांतता पसरली की कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता.

मीही इतकी वर्षं "घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान" फळ्यावर लिहून हात झटकत होतो. त्या दिवशी सूत्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, पायलीभर तांदूळ आणि पायलीभर चुरमुरे, कोण जड? हे त्यांच्या घरातलं. माप एक, वजन वेगळं. त्यावरून शब्द निघाला: एका वाटीचं वजन. एकच वाटी काठोकाठ भरून एकदा पाण्याची तोलली, एकदा तेलाची, एकदा मिठाच्या पाण्याची. पाणी १५० ग्रॅम, तेल १३७, मिठाचं पाणी १६२. कोण कोणाच्या वर बसेल ते पोरांनीच सांगितलं. "घनता" हा शब्द मी तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत आणला.

जाताजाता एका ग्लासात तळाला मिठाचं पाणी घेतलं आणि वर चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी सोडलं. अंडं मधोमध लटकलं. ग्लास खिडकीत ठेवला. सोमवारी बाईंचा फोन आला, अंडं अजून तिथेच आहे.

तिसरा आणि चौथा शनिवार

लावणीमुळे निम्मा वर्ग शेतात. मी घरी घनतामापीच्या मागे लागलो, म्हणजे द्रवात किती बुडते त्यावरून त्याची घनता दाखवणाऱ्या नळीच्या. जुन्या पद्धतीत सरबताच्या नळीत छर्रे भरून बूच लावायचं. प्लॅस्टिकच्या नळ्या आता मिळत नाहीत, कागदी नळी दहा मिनिटांत मऊ पडते. म्हणून वाळलेल्या स्केचपेनची नळी घेतली. कापूस काढला, टोकाकडे सायकलचे छर्रे, वर मेण. झकास उभी राहिली. पण साध्या पाण्यातून लिटरला ३० ग्रॅम मिठाच्या पाण्यात टाकली तर वर आली फक्त दोन मिलिमीटर. एवढ्यावर मुलांना काय दाखवणार, कप्पाळ?

दूधवाल्यांच्या लॅक्टोमीटरकडे बघून डोक्यात प्रकाश पडला. त्याचं पोट मोठं आणि मान बारीक असते. तरंगायला किती आकारमान बुडायला हवं ते पोट ठरवतं, आणि त्यातला लहानसा फरक मानेवर लांबच लांब ताणला जातो. मग डोळ्यांच्या औषधाची १० मिलीची रिकामी बाटली घेतली आणि मान म्हणून बॉलपेनची संपलेली रिफिल, बाहेरून तीन मिलिमीटर जाडीची. बाटलीचं थेंबाचं टोपण तापवलेल्या दाभणाने मोठं केलं, रिफिल आत सरकवली, एम-सील लावलं. वजनाला सायकलच्या मागच्या चाकाचे पाव इंची छर्रे. एक छर्रा साधारण एक ग्रॅम भरतो, त्यामुळे हिशेब सोपा. आठ छर्ऱ्यांना मान जास्तच बाहेर राहत होती, नवव्याला पार बुडाली. आठ छर्रे आणि एम-सीलची चिमूट, असं करत ती साध्या पाण्यात मानेच्या टोकापर्यंत आणली. तेच ३० ग्रॅमचं पाणी, आणि आता मान वर आली साडेतीन सेंटिमीटर! बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बरं."

त्रास दिला तो पृष्ठताणाने. पाणी तेच, पण एकदा वाचलं की एक खूण, दुसऱ्यांदा वाचलं की सेंटिमीटरभर वर. एवढ्या बारीक मानेला पाणी वेढा घालून वर चढतं आणि तिला खाली ओढतं. बोटाचं तेल लागलं की ती पकड सुटते. उपाय: मान साबणाने धुवायची, भरपूर पाण्याने खळबळायची, मग तिला हातच लावायचा नाही. बाटलीला चिकटलेले बुडबुडे टिचकीने उडवायचे. हे पाळल्यावर वाचन दोन मिलिमीटरच्या आत येतं. खुणा समान अंतरावर मारू नका, वरून खाली त्या जवळ जवळ येत जातात. प्रत्येक द्रावण तोलून करा आणि तिथेच खूण मारा.

पाचवा शनिवार

श्रावण लागला होता. अंड्यावरून घरी बोलणी नकोत म्हणून बटाटा घेतला. तोही साधारण १.०८ च्या आसपासच असतो, काही अडत नाही. पण त्या दिवशी बटाट्याकडे कोणी पाहिलंच नाही.

घनतामापी ३० ग्रॅमच्या खुणेवर स्थिरावली तशी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "हे तर आमचं बियाण्याचं पाणी." मी म्हटलं, कसलं? "पेरायच्या आधी भात मिठाच्या पाण्यात टाकतात ना. दहा लिटरला तीनशे ग्राम. वर येतं ते फेकायचं." बरोबर! भात बियाण्याची तीन टक्के मिठाची प्रक्रिया, जी कृषी विभाग दर वर्षी सांगतो. साध्या पाण्यावर अगदी पोकळ दाणे तेवढे येतात. मिठाने पाणी १.०२ वर गेलं की अर्धवट भरलेले पोचटही वर येतात आणि भरीव तेवढे तळाला राहतात. मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. मी चार आठवडे घरी मीठ तोलत बसलो होतो आणि या पोरीने मृगाच्या आधी अंगणात हेच केलं होतं.

तिने दुसऱ्या दिवशी उरलेलं भात कागदाच्या पुडीत आणून बाईंकडे दिलं.

सहावा शनिवार

शंभर दाणे मोजले. साध्या पाण्यात टाकल्याबरोबर वीसएक वर. अंगाला हवा चिकटलेली असते, म्हणून ढवळायचं. ढवळल्यावर वर राहिले सहा. मिठाच्या पाण्यात आणखी पाच आले. त्या पाचांतला एक दाणा मुलीने नखाने सोलला. आत तांदूळ होता, पण सुरकुतलेला, टरफलात अर्धी जागा रिकामी. पुडीतल्या चांगल्या दाण्याशेजारी तो तळहातावर ठेवून तिने सगळ्या बाकांवरून फिरवला.

आणि एका मुलाचे आजोबा आले होते. मिठागरात उभी हयात गेली. घनतामापी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "याच्यात पंचवीस डिगरी कुठाय?" मिठागरात बोमे मापकाने, म्हणजे डिग्रीत वाचायच्या घनतामापीने, पाणी बघतात. समुद्राचं पाणी साधारण तीन-साडेतीन डिग्री. ते कोंड्यांतून, म्हणजे मिठागराच्या खाचरांतून फिरत, उन्हात आटत पंचविसाला आलं की मीठ धरायला लागतं. पंचवीस डिग्री म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण १.२१. माझी मान १.०६ च्या आसपासच संपते. त्या पाण्यात बाटलीचं पोटच उघडं पडेल.

म्हणजे दुसरी बाटली हवी, दोन छर्रे जास्त घातलेली. हे बोलेपर्यंत पुढच्या बाकावरून आलंच: "मग ती साध्या पाण्यात बुडेल, काका." बुडेल. पुढच्या शनिवारी बुडवून बघणार आहोत. छर्रे आहेत, रिफिल आहे. डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली मात्र अजून मिळालेली नाही, कोणाकडे असेल तर टाकू नका.