स्वभाव बदलला की मेंदू?

मी सायकियाट्रिस्ट आहे. "फार चिडतात हो हे" असं म्हणत घरच्यांनी धरून आणलेले पेशंट ओपीडीत रोजचेच, त्यामुळे हे गृहस्थ आत आले तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. वय पंचावन्नच्या आसपास, अकाउंट्सची नोकरी, दारूबिरू काही नाही, आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता म्हणे. आणि गेल्या दीडदोन वर्षांत मात्र रिमोट सापडला नाही म्हणून मुलाच्या अंगावर धावून जाणं, घाणेरड्या शिव्या, आणि आदल्या आठवड्यात बायकोचा हात असा पिरगळला की प्लॅस्टर घालावं लागलं. आधी कुठेतरी डिप्रेशनच्या गोळ्या चालू झालेल्या, फरक शून्य.

गंमत म्हणजे माणूस अगदी मजेत. सिस्टरला नको तो जोक मारला. वार, तारीख, वजाबाकी सगळं बरोबर, स्मरणाच्या चाचणीत 30 पैकी 28. (फ्रंटल लोब, म्हणजे मेंदूचा कपाळामागचा भाग, बिघडलेले पेशंट ही चाचणी बरेचदा आरामात पास होतात, हे लक्षात ठेवावं लागतं.) हात का पिरगळला विचारलं तर म्हणाले, "ती मध्ये बोलली." बस्स. लाज नाही, सारवासारव नाही.

बायको उठता उठता म्हणाली, "डॉक्टर, ह्यांना हल्ली वासही येत नाही, परवा गॅस चालू राहिला तरी शेजारी बसून पेपर वाचत होते." मी त्यांना परत बसवलं. डोळे मिटायला लावून एकेका नाकपुडीखाली कॉफी पावडरची बाटली धरली. अमोनियासारखं झोंबणारं काही इथे चालत नाही, ते वेगळ्या नसेने कळतं आणि वास न येणारा माणूसही दचकतो. डावीकडे काही नाही. उजवीकडेही काही नाही.

एमआरआयमध्ये नाकाच्या वर, वासाच्या नसा असतात तिथेच, दोन्ही फ्रंटल लोबना खालून वर ढकलणारा 5 सेंटिमीटरचा मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ. ही गाठ इतकी सावकाश वाढते की डोकेदुखीसुद्धा नसते कित्येकदा, नुसता माणूस बदलत जातो आणि घरच्यांना वाटतं वय झालं. डोळ्यांच्या वरचा हा भाग, ऑर्बिटोफ्रंटल, अमिग्डालातून (मेंदूतला राग-भीती उठवणारा भाग) उसळलेल्या रागाला आवर घालतो आणि पुढे काय होईल याचा अंदाज देतो. तो दबला की राग क्षणात येतो, क्षणात जातो, आधी ठरवून काही केलेलं नसतं.

मुलाने विचारलं, "म्हणजे बाबांचा दोष नाही?" मी सरळ हो म्हटलं नाही. व्हिएतनाम युद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांचा जॉर्डन ग्राफमन या मेंदू-संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये छापलेला अभ्यास आहे, त्यात फ्रंटल लोबच्या खालच्या-मधल्या भागात इजा झालेल्यांमध्ये आक्रमकता जास्त दिसली, पण ती बहुतेक तोंडाने, हाताने कमी. गाठ असलेला प्रत्येक जण मारतो असं अजिबात नाही. मूळ स्वभाव, घरातलं वातावरण, समोरचा काय बोलला, सगळं त्यात येतं. गाठीमुळे आवर सुटला एवढं मी खात्रीने म्हणेन, त्यापुढे नाही.

ऑपरेशन नीट झालं. नंतर पंधरवड्यात पुन्हा भांडीफेक सुरू, घरचे हादरले, गाठ परत आली की काय! कागद बघितले तर फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरॅसिटाम चालू होतं, आणि त्या गोळीने काहींची चिडचिड वाढते हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. न्यूरोसर्जनला फोन केला, गोळी बदलली, आठवड्याभरात बरंच शांत झालं. आता चिडले की उठून दुसऱ्या खोलीत जातात, हे बायकोने त्यांच्याकडून घोकून घेतलंय. तरी तिने काही महिने भावाकडे राहायचं ठरवलं तेव्हा मी तिला अडवलं नाही, आणि मुलगा अजून त्यांच्याशी बोलत नाही, त्यालाही मी बोल म्हणून सांगितलेलं नाही.