तुम्ही विचारलंत म्हणून : नवीन इंजिन का टाकत नाही

माझ्या जुन्या एमजीबीबद्दल, म्हणजे एका इंग्लिश स्पोर्ट्स कारबद्दल, प्रश्न दोन टोकांकडून येतो. ऑफिसातले सहकारी, भारतातून येणारे नातेवाईक आणि मंडळाच्या दिवाळीत भेटणारे लोक विचारतात, "एवढा पैसा त्या जुन्या इंजिनात ओततोयस, मग सरळ नवीन का नाही टाकत?" आणि एमजी गाड्या पाळणारी इथली म्हातारी मंडळी बोनेट उघडलं की चष्मा पुसून आत वाकतात आणि म्हणतात, "छान आहे हो, पण मूळचं होतं तसंच का नाही ठेवलंत?" एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या हातात कोलीत होऊन येतं. म्हणून आजवर मी हसून विषय बदलत आलो. आता एकदाच काय ते लिहून टाकतो.

गाडी घेतली कशी, ठेवतो कुठे, बायको काय म्हणते, हे विचारणाऱ्यांना पाठ आहे. १९७१ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची), मुक्काम इंग्लंडात कोव्हेंट्रीजवळ, एवढं पुरे.

आधी 'नवीन टाका'वाल्यांशी बोलतो. तुमचं म्हणणं चूक नाही, ही पंचाईत आहे. एमजीबीच्या बोनेटखाली भरपूर जागा आहे. १९७० च्या सुमारास केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने तिथे रोव्हर कंपनीचं साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन बसवून गाड्या विकायला सुरुवात केली. मग कंपनीलाच जाग आली आणि तिने १९७३ ते १९७६ मध्ये एमजीबी जीटी व्ही-८ काढली. २,५९१ गाड्या निघाल्या. ते इंजिन ॲल्युमिनियमचं, त्यामुळे आठ सिलिंडर असूनही वजनाला माझ्या चार सिलिंडरच्या बिडाच्या धोंड्याएवढंच. हल्ली लोक माझ्दा एमएक्स-५ चं इंजिन टाकतात, फोर्डचं टाकतात, बॅटऱ्या आणि मोटर टाकतात. मी दिवसभर इलेक्ट्रिक मोटरींवरच पोट भरतो, त्यामुळे शेवटचा टोमणा मला इतरांपेक्षा जास्त वेळा ऐकावा लागतो.

माझे मामा कोल्हापूरचे. सरकारी खात्यात अँबॅसेडर चालवण्यात त्यांची नोकरी गेली. ते इथे आले होते तेव्हा मी मोठ्या ऐटीत बोनेट उघडलं. त्यांनी दोन मिनिटं हात मागे बांधून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तर आमच्या अँबॅसेडरचं इंजिन!"

शंभर टक्के बरोबर. बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज. अँबॅसेडरमध्ये १४८९ सीसीचं होतं, माझ्यात १७९८ चं. घराणं तेच, जन्म १९४७ चा. त्याच घराण्याच्या डिझेलवर आपल्याकडच्या निम्म्या टॅक्स्या धुरळा उडवत फिरल्या असतील. खर्चाचा आकडा ऐकल्यावर मामा म्हणाले, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." मी चिडलो होतो. खरं तर त्यांनी मसाल्याला नावं ठेवली नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तर मसाल्याचं. या इंजिनाचं दुखणं हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, आहे. चार सिलिंडर, पण हवा आत जायला पोर्ट दोनच. एक आणि दोन नंबरला मिळून एक, तीन आणि चारला मिळून एक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, म्हणजे तीनने ओढून झालं न झालं की लगेच चार ओढायला लागतो, आणि दोनच्या पाठोपाठ एक. भावाभावांत एक ताट. त्यात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जितका गरम, म्हणजे व्हॉल्व्ह जितका जास्त वेळ उघडा, तितकी ही ओढाताण जास्त. ज्वलनकक्षाचा बदामी आकार हॅरी वेस्लेक या इंग्लिश इंजिनतज्ज्ञाचा, तो उत्तम आहे. पण दोन पोर्टांपुढे त्याचंही फार चालत नाही. म्हणून इथे 'मोठा कार्ब्युरेटर लावला की झालं' हा हिशेब चालत नाही. बोअर (सिलिंडरचा व्यास), हेड, कॅम, कार्ब्युरेटरच्या सुया, टाइमिंग (ठिणगीची वेळ), एकाला हात लावला की बाकीचे सगळे तक्रार करतात. ती तक्रार ऐकत बसणं, हेच ट्यूनिंग.

हे अक्षरशः ऐकायचं काम आहे, हेही सांगून ठेवतो. एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर समान हवा ओढतात की नाही हे बघायला मी अजून रबराची नळी वापरतो. एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. पुढच्याचा फुस्कारा ऐकायचा, मग मागच्याचा. मागचा जरा जाड वाटला की त्याचा स्क्रू केसभर सैल, पुन्हा पुढचा. मापायचं यंत्र माझ्याकडे आहे. त्याच्यावर माझा विश्वासही आहे. तरी शेवटी नळीच कानाला लागते.

पहिल्या मोठ्या कामात ब्लॉक साठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर केला, म्हणजे सिलिंडर तेवढे रुंद केले. १८६८ सीसी झाले. नवीन पिस्टन, हेडचे पोर्ट मोकळे केले, बिनशिशाच्या पेट्रोलसाठी एक्झॉस्ट व्हॉल्व्हांना कडक सीट बसवल्या (शिशाचं पेट्रोल इथे २००० सालापासून बंद झालं) आणि नवीन, चांगला गरम कॅम, नवीन टॅपेटसकट. आता जे सांगायचंय ते या कॅमचं.

या इंजिनात टॅपेट, म्हणजे कॅमची उचल व्हॉल्व्हकडे पोचवणारा तुकडा, थेट कॅमवर घासतो. मध्ये रोलर वगैरे काही नाही. कॅमचा लोब (उंचवटा) किंचित उतरता आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर घासलेला असतो, त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एका जागी होत नाही. फिरायचा थांबला की संपलं. नवीन कॅमचं सगळं आयुष्य पहिल्या वीस मिनिटांत ठरतं. इंजिन पेटलं की लगेच मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांवर धरायचं, आयडलवर, म्हणजे मंद गतीवर, येऊ द्यायचं नाही. शिवाय ऑइलमध्ये जस्ताचं संयुग हवं. आजकालच्या ऑइलमध्ये ते कमी केलंय, कारण त्यातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. नव्या गाड्यांना त्याने फरक पडत नाही. आमच्यासारख्यांना पडतो.

मी हे सगळं केलं. प्रत्येक लोबवर काळी पेस्ट बोटाने चोळली. जुन्या गाड्यांसाठीचं, जस्तवालं ऑइल घातलं. टाइमिंग आधी लावून ठेवलं, म्हणजे स्टार्टर मारत बसायला लागू नये. मुलगा फोनवर टॅकोमीटर चित्रित करत होता, शेजारचे आजोबा कुंपणावरून बघत होते. वीस मिनिटं इंजिन अडीच हजारांवर बोंबलत उभं. मग ऑइल बदललं, फिल्टर कापून पाहिला. स्वच्छ. रोलिंग रोडवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजतात ते यंत्र) चाकांशी ९४ हॉर्सपॉवर आली. काम करण्यापूर्वी ६६ होती. (कंपनी ९५ सांगायची, पण ती इंजिनाची आणि कंपनीच्या तोंडची.) त्या संध्याकाळी मला आकाश ठेंगणं होतं.

उन्हाळ्यात एज हिलजवळच्या सनरायझिंग हिलचा चढ चढताना टिकटिक ऐकू आली. घरी आल्यावर व्हॉल्व्हचा गॅप पाहिला. तीन नंबरच्या एक्झॉस्टला पंधरा थाऊच्या जागी बरंच जास्त. लावून दिला. थोड्याच दिवसांत पुन्हा टिकटिक. पुन्हा गॅप वाढलेला. तेव्हाच पोटात गोळा आला होता, पण माणूस काय करतो, लॉकनट नीट आवळला नसेल म्हणतो. मग डायल गेज लावून रॉकरची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीची) उचल मोजली. शेजारच्यापेक्षा दीड मिलिमीटर कमी. ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढून टॅपेट बाहेर घेतला. जो तळ फुगीर असायला हवा, तो खोलगट झाला होता, आणि कडेला नख अडकत होतं. लोबचं नाक गोल झालेलं. ऑइलमध्ये चुंबक बुडवला तर त्याला करडी लव चिकटून आली. ते लोखंड सगळ्या इंजिनभर फिरून आलेलं होतं. मेन बेअरिंगवर चरे. म्हणजे इंजिन पुन्हा खाली, पुन्हा सगळं खोला.

ज्यांच्याकडून कॅम आणि टॅपेट घेतले त्यांनी आधी सांगितलं, ऑइल चुकीचं. डब्याचा फोटो पाठवला. मग म्हणाले, आयडलवर सोडलं असणार. मुलाने घेतलेलं चित्रण पाठवलं. मग म्हणाले, व्हॉल्व्हची स्प्रिंग जास्त कडक. स्प्रिंग त्यांच्याच सेटमधल्या होत्या. शेवटी कॅमचे पैसे परत आले, बाकीच्या नुकसानावर चकार शब्द नाही. एका मित्राकडून टॅपेटचा कडकपणा मोजून घेतला. गाडीच्या जुन्या मूळ टॅपेटपेक्षा नवीन स्पष्टपणे मऊ निघाला. पण एकच टॅपेट, तोही झिजलेला. त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. तरी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी तो खटला किती वेळा जिंकलोय!

तो हिवाळा वाईट गेला. ब्लॉक स्टँडवर उलटा, जमिनीवर डबे, आणि जो येईल तो तुमचाच प्रश्न विचारणारा. ऑफिसातल्या एकाकडे एमएक्स-५ चं इंजिन गिअरबॉक्ससकट पडून होतं. अठराशे सीसी, ट्विन कॅम, इंजेक्शन, स्वस्तात. मी गेलो. टेप घेऊन गेलो, संपची (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याची) मापं घेतली, कागदावर आकृती काढली. सगळं बसत होतं. पैसे खिशात होते.

आणि तिथे उभं असताना मला कंटाळा आला.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना मी सांगत आलो की गाडीची किंमत कमी होईल, इतिहास जपायला हवा, वजनाचा तोल बिघडेल. सगळ्या थापा नव्हेत, पण खरं कारण एवढंच की ते इंजिन बसवलं असतं, चालू झालं असतं, आणि मग मला विचारायला काही उरलं नसतं. ते काम ऑफिसात करतो तसंच झालं असतं. लॅपटॉप लावायचा, मॅप बघायचा, उत्तर मिळतं. तुम्हाला गाडी हवी असते. मला, वाटतं, भांडायला कुणीतरी हवं असतं. हे कारण म्हणून कितपत टिकतं मला माहीत नाही. घरचे पैसे त्यात जातात आणि बायको हा परिच्छेद वाचणार आहे.

आता चष्मा पुसणाऱ्यांकडे वळतो. तुमचा मुद्दा मला जास्त लागतो, कारण पूर्वी तो माझाच होता. गाडी नवी असताना, म्हणजे माझ्यासाठी नवी, मी मूळच्या एसयूऐवजी वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर लावणाऱ्या एका सज्जन माणसाला भर मेळाव्यात सुनावलं होतं की तुम्ही वारशाची वाट लावताय. तो नुसता हसला. आज त्याचं हसू आठवलं की कान तापतात.

पण त्या तेव्हाच्या मला मी विचारतो, मूळ म्हणजे कुठलं? एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातच स्पेशल ट्यूनिंगचं खातं होतं. ते गिऱ्हाइकाला हेड, कॅम, सगळं काउंटरवर द्यायचं. १९६३ च्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत कारखान्याने एमजीबी उतरवली, हॉपकर्क आणि हचेसन चालवायला. हचेसनने ती वाळूत घातली, तासाहून जास्त वेळ उकरत बसला, तरी गाडी वर्गात पहिली आली. ती गाडी मूळची नव्हती का? उलट १९७५ नंतर अमेरिकेला गेलेल्या गाड्यांत प्रदूषणाच्या नियमांपायी दोनाचा एक कार्ब्युरेटर झाला आणि ताकद साठ-बासष्टवर आली. तीही कारखान्यातूनच निघाली. तिला मूळ म्हणून पुजायचं?

तेव्हाचा मी यावर म्हणतो, बरं, मग व्ही-८ ही कारखान्यानेच टाकलं होतं, ते का चालत नाही तुला? आणि इथे माझी बोलती बंद होते. माझी रेषा कुठे आहे ते मला सांगता येत नाही. एसयू ठेवले, पण ठिणगीचे जुने यांत्रिक पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपीखाली इलेक्ट्रॉनिक इग्निशन लपवलं. लपवलं हा शब्द बघा. लाज वाटत नसती तर लपवलं कशाला असतं? साठ थाऊ बोअर चालतं, मग १९५० सीसीपर्यंत का नाही, लोक करतातच की. कडक सीट चालतात, कारण पेट्रोल बदललं. इथेनॉलवाल्या ई-१० पेट्रोलसाठी सगळे रबरी पाइप बदलले, तेही चालतं. सोय पाहून रेषा सरकते, हे कबूल.

दुसऱ्यांदा बांधलेल्या इंजिनात मवाळ कॅम आहे आणि गाडीचे जुने मूळ टॅपेट पुन्हा ग्राइंड करून घातलेत. चाकांशी ८८ येतात. सहा गेले. पण सनरायझिंग हिलच्या ज्या वळणावर पूर्वी दुसरा टाकायला लागायचा, तिथे आता तिसऱ्यात अडीच हजारांवरून ती कुरकूर न करता उचलते. वरचा आकडा मिरवायला असतो, गाडी चालते ती दोन ते चार हजारांत. असं मी सगळ्यांना ऐकवतो. आणि त्या ९४ चा कागद अजून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे.

सध्या नवीन वाद सुरू आहे. एक डिस्ट्रिब्युटर मिळतो, दिसायला अगदी जुना, पण त्याचा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडावी ते, फोनवरून आखता येतं. जुन्याच्या स्प्रिंगा आणि वजनं पन्नास वर्षांत ढिली झालीत. चार हजारांवर ३२ अंश हवेत, तिथे तो कधी २९ देतो, कधी ३५. कारण पक्कं आहे. तेव्हाचा मी म्हणतो, फोनवरूनच चालवायची तर एमएक्स-५ चं इंजिन काय वाईट होतं? मी म्हणतो, हे वेगळं. तो म्हणतो, कसं? डिस्ट्रिब्युटर मी मागवलाय. पुढच्या आठवड्यात येईल. तुम्ही नक्की विचाराल, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.