गच्चीवरची मिरची: जोलोकियाला कळ्या लागल्या

यंदा पुण्याच्या गच्चीवर तीन मिरच्या बियांपासून केल्या आहेत: लवंगी, भिवापुरी आणि आसामची भूत जोलोकिया. मेअखेरीस तिन्ही एकाच ट्रेमध्ये पेरल्या. खाली कोकोपीट आणि गांडूळखत. मुठीत दाबलं तर पाणी गळू नये, इतकाच ओलावा.

लवंगी आणि भिवापुरी आठवडा-दीड आठवड्यात वर आल्या. जोलोकियाचे कप्पे तिसरा आठवडा उलटला तरी रिकामेच. इथेच बरेच जण ट्रे उलटा करतात. कृपा करून करू नका. पहिल्या दोघी कॅप्सिकम ॲन्युम या प्रजातीतल्या, तर जोलोकिया मुख्यतः कॅप्सिकम चायनेन्स. तिला चार-पाच आठवडेसुद्धा लागतात आणि तोवर मातीत २५ ते ३० अंशांची ऊब टिकावी लागते. जूनमध्ये आभाळ भरून आलं, गारवा वाढला, तसा मी ट्रे उचलून फ्रिजच्या माथ्यावर ठेवला. मग एका सकाळी दोन कप्प्यांत पांढरट देठाची कमान दिसली! बीजदलांवर बियाचं टोपरं घट्ट बसलं होतं. ते नखाने ओढायचं नाही. पाण्याचा थेंब ठेवायचा, मऊ झालं की आपोआप सुटतं.

चार-सहा खरी पानं आल्यावर रोपं कुंड्यांत हलवली. पावसाळाभर निचऱ्याकडे लक्ष ठेवलं, बाकी विशेष काही नाही.

सप्टेंबरात उघडीप मिळाली आणि भिवापुरीचे शेंडे आक्रसले. अशा पानांना सरसकट ‘बोकड्या’ (पानं चुरगळण्याचा रोग) म्हणून मोकळं होण्यापूर्वी पान कुठल्या बाजूला वळलंय ते पाहा. कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळून देठ लांबले असतील तर पिवळा कोळी ही बारीक कीड. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला, तर पिवळसर, सुईच्या टोकाएवढे किडे सरपटू लागले. म्हणजे फुलकिडेच. पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, पानांच्या खालच्या अंगाला, आठवड्याच्या अंतराने फवारला आणि निळे चिकट सापळे टांगले. आता नवी पालवी सरळ येतेय. विषाणू असता तर ती पालवीही चुरगळलेलीच निघाली असती आणि झाड उपटावं लागलं असतं.

आणि या आठवड्याची बातमी: जोलोकियाला कळ्या! ॲन्युमला सहसा पेरागणिक एकच फूल येतं, हिच्या एकेका पेरावर दोन-तीन कळ्या आहेत. उमललेलं पहिलं फूल हिरवट पांढरं, आत जांभळट परागकोश. २००७ साली गिनीजने जगातली सर्वांत तिखट ठरवलेली, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणाचं माप) वर गेलेली हीच मिरची. तिचं फूल इतकं साधं असावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात फुलगळ होते, म्हणून दुपारपुरती हिरवी जाळी लावली आहे.

पुढचं काम शुद्ध बियाण्याचं. मिरचीत परागीभवन बहुतांशी आपल्याच फुलात होतं, पण शेजारी दुसरी जात असली की मधमाश्या सरमिसळ करतात. त्यामुळे निवडक कळ्यांवर उमलण्याआधीच मलमलच्या छोट्या पिशव्या बांधतोय. आत पराग झडावेत म्हणून रोज सकाळी फांदीला टिचकी मारायची. फळ धरलं की पिशवी काढून ओळखीसाठी देठाला लाल दोरा. बी काढताना हातमोजे हवेतच, कारण जहाल तिखट असतं ते बिया धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढऱ्या भागात.